सत्तेचाळिसावी लेव्हल

लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा रंगीत चौकोन जुळवायचा आपला हातातला व्हिडिओ गेम बाबांना देऊन गेली. बाबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. दर रविवारी सकाळी ते तिला फोन लावायचे. "अगं, ही सत्तेचाळिसावी लेव्हल काही केल्या सुटत नाही बघ."

मग कुठला चौकोन आधी सरकवायचा ते सांगता सांगता लेक ऑफिसचं बोलायची, घरमालकिणीच्या नकला करायची. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही.

या रविवारी ती म्हणाली, "बाबा, साठही लेव्हलची उत्तरं लिहून पाठवलीयेत. आता दर वेळी फोन करायची कटकट नको तुम्हाला."

"बरं केलंस गं," बाबा म्हणाले.

साठच्या साठ लेव्हल त्यांनी पहिल्याच महिन्यात सोडवल्या होत्या.