हयात असल्याबद्दल

"बाई, पान दोनशे अकरा. तिथं मी मेलोय," म्हातारा म्हणाला आणि चरित्रकोशाचा जाडजूड खंड टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीत टेकला.

नोंदवालीनं पान उघडलं नाही. एकोणतीस वर्षं ती या कार्यालयात कार्डं लावत होती. नावाजलेल्या माणसांचे जन्म आणि मृत्यू तिच्याच हाताखालून छापायला जात. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि दुपारचे तीन वाजले की पाठ कुरकुरायला लागायची.

"नाटकांचे पडदे रंगवणारे, ते तुम्ही?"

"मीच. रविवारी सत्कार ठरला होता हो. समितीतल्या कुणीतरी तुमचा खंड उघडला आणि सगळं फिसकटलं. मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तर म्हणाले, आधी कागद आणा." तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीमागचं रंगवलं. एकदा पुढे उभं राहायचं होतं, इतकंच."

भिंतीवर पहिल्या संपादकांचं म्हणणं चौकटीत लावलं होतं. चरित्राचा उगम थडग्यावर कोरलेल्या दोन ओळींत आहे: कोण होता, कधी गेला. म्हणून कोशात जागा फक्त दिवंगतांना. आणि चरित्र म्हणजे साक्ष, तेव्हा तारीख जवळच्या नातेवाइकाच्या सहीनंच घ्यायची. या नियमापायी भली भली माणसं मेल्यावरही वर्षानुवर्षं ताटकळत.

"आम्ही नियम पाळलाय," कार्ड काढून ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी, चौदा मार्चला वारल्याचं कळवलंय. सही आहे."

"कुणाची?"

"ते बाहेर सांगत नाही."

म्हाताऱ्यानं कार्डावरची तारीख दोनदा वाचली. "गंमतच आहे. पन्नास वर्षांपूर्वी चौदा मार्चलाच मी घर सोडलं आणि नाटक कंपनीबरोबर गेलो. मी तर तोच माझा वाढदिवस धरतो."

नोंदवालीनं खणातून एक कोरा फॉर्म काढला.

"दुरुस्ती होईल. पण त्यालाही जवळच्या नातेवाइकाची सही लागते. बायको?"

"ती गेली, असं कानावर आलं होतं."

"मूल?"

तो खिडकीकडे वळला. "एक मुलगी होती. सात वर्षांची."

"होती?"

"असेलही. मी कधी चौकशी केली नाही. आता कुठल्या तोंडानं सही मागू?"

तिनं चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती, तरी पुसत राहिली. तिला फार थकवा आला होता.

"बाहेर बाकावर बसा. बघते काय करता येतं ते."

"उपकार होतील, बाई." गुडघ्यांवर हात टेकत तो उठला, दारात थांबून त्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि नमस्कार करून बाहेर गेला.

दार लागल्यावर तिनं दोन वर्षांपूर्वीचा कागद काढून नव्याशेजारी ठेवला. जुन्यावर होती तीच सही तिनं नव्यावर केली. मग 'नातं' या रकान्यात, जुन्यावर होता तोच शब्द पुन्हा लिहिला: मुलगी.