निरसं दूध

“निरसं दूध दारबाहेर जाऊ दिऊ नको, पोरी. पहिले पानी टाक. नही ते गायना थानले भेगा पडतस.”

सासू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सुगंधाबाईंना पहाटे धार काढताना हे रोज ऐकू येई. धार झाली की गाईच्या कपाळाला हात लावायचा, मग कॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. त्यात चोरी आहे असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. म्हणून धुळ्यात देवपूरच्या चौकात भेसळ तपासणारी गाडी येऊन उभी राहिली आणि बाकीचे दूधवाले चुळबुळ करू लागले, तेव्हा त्यांनी आपला कॅन स्वतःच पुढे सरकवला.

“घ्या ताई. मन्हंबी देखा.”

तपासणी अधिकारी हेमांगी मॅडमनी दूध ढवळलं, थोडं यंत्रात घातलं. आकडा पाहिला. पुन्हा एकदा घातलं.

“अक्का, यात पाणी आहे.”

“शे ना. रोज टाकस.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारी रुपचंद उभा होता. त्याच्या दुधाचा नमुना नुकताच सील झाला होता. तो वाकून कुजबुजला, “अक्का, येडी व्हयनी का? म्हन ना, दूध डेअरीनं शे, माले काय माहीत!”

“मन्ही कपिला काय डेअरीमा ऱ्हास का रे?”

मग त्यांनी मॅडमना सासूचं सांगणं सांगितलं. निरसं दूध तसंच बाहेर दिलं तर गाईला बाधतं, एवढंही या शिकलेल्या बाईला ठाऊक नाही, याचं त्यांना थोडं नवलच वाटलं. मॅडमचं पेन थांबलं.

“माझी आईपण टाकायची,” त्या म्हणाल्या. “चार थेंब. तांब्या नाही, अक्का.”

“पहिले आम्हीबी चूळभरच टाकूत. मंग गाई तीन व्हयन्यात. मंग कॅन मोठा व्हयना. मंग गिऱ्हाईक वाढनं…”

सुगंधाबाईंची नजर कॅनवर गेली. इतक्या वर्षांत त्यांनी हे सगळं एका दमात कधी म्हटलं नव्हतं.

“हे मी जबाबात लिहू?”

“लिखा. बोलनू ते बोलनू.”

चार बाटल्या भरल्या, लाख लागली, सही झाली. केस होणार, दूध विकायचा परवानाही जाऊ शकतो, हे मॅडमनी नीट समजावलं. सुगंधाबाई मान हलवत राहिल्या. उठता उठता मॅडमनी विचारलं, ते कागदावर कुठे नव्हतं.

“तुमच्या दुधावर एखादं लहान मूल आहे का कुणाचं?”

सुगंधाबाईंचा पदरावरचा हात तिथेच राहिला.

तिसऱ्या गल्लीतली दीपमाला. तिची मयुरी अकरा महिन्यांची, आणि अंगावर पाजणं तिला जमलंच नव्हतं. पोरगी बाळसं धरत नव्हती. सासू इंदिराबाई दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “अर्धा लिटर दूध येतं घरात. पोरीच्या पोटात जातं की आईच्या, देव जाणे.” दीपमाला खाली मान घालून पातेलं पुढे करायची. मागच्या आठवड्यात सुगंधाबाईंनीच तिला सुचवलं होतं, “दिठ लागनी व्हई. मीठमोहऱ्या ओवाळ.”

“शे एक,” त्या म्हणाल्या.

“त्यांना सांगा, दूध दुसरीकडून घ्या. डॉक्टरांना दाखवा.”

“सांगसू.”

“आजच, अक्का.”

“आजच सांगसू. काबर, तेबी सांगसू.”

उरलेलं दूध ओतून टाकायचं होतं. सुगंधाबाईंनी आधी पायातल्या चपला काढल्या, मग कॅन गटारीवर कलता केला. पांढरी धार काळ्या पाण्यात गेली, तोवर त्या अनवाणी उभ्या होत्या.

गाडी गेली. रुपचंदने बिडी पेटवली.

“अक्का, केसनं काय, मिटी जास. पन गल्लीमा सांगं ते उद्या एक दार उघडाव नही.”

“मालूम शे.”

“मंग निदान अक्कल वापर. नऊ वाजता ती म्हतारी देवळात जास. तवय जा. दीपमालाले एकलीले सांग. भोळी शे बिचारी, कोनले सांगाव नही.”

सुगंधाबाईंनी चपला घातल्या. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या घड्याळात पावणेनऊ झाले होते.

“म्हतारी घर शे तवयच जानं पडी, भाऊ,” त्या म्हणाल्या.

रिकामा कॅन त्यांनी त्याच्यापाशीच ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिसऱ्या गल्लीकडे भरभर चालू लागल्या.