आईचा पहिला खो

खांद्यात फोन अडकवून आई पोळ्या लाटत होती, इकडे दूध उतू गेलं! ऑफिसचा फोन ठेवला तेव्हा दमून तिचे डोळे भरून आले होते.

मी तिच्याकडे पाठ करून फरशीवर उकिडवी बसले.

"हे काय गं नवीन?"

"खो दे मला! शाळेच्या खो-खो टीमची कॅप्टन आहे मी. एकटीच पळत राहणारी आधी दमते, आई."

"जा अभ्यासाला. मी करते पटकन."

"मी उठणारच नाही!"

आईला हसू फुटलं. माझ्या पाठीवर पिठाचा हात पडला. "खो!"

मी ताडकन उठून लाटणं घेतलं. माझ्या जागी आई ऐटीत पाय पसरून बसली. मग हॉलमधल्या बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढचा खो बाबांना दे हं. भांडी राहिलीत."