केळी, टोमॅटो, शहाळं

दौलत परबांच्या खोलीला कुलूप होतं. आकांक्षा फाईल छातीशी धरून घोडपदेवच्या त्या चाळीत उभी राहिली. शेजारच्या वैशालीने सांगितलं, परबकाकांना सकाळीच हॉस्पिटलात नेलंय, दम लागला होता.

आकांक्षा दवाखान्याची आरोग्यसेविका. लोकांनी फळं-भाज्या जास्त खाव्यात म्हणून सरकारी योजना निघाली होती आणि घरोघरी जाऊन ते गळी उतरवायचं काम तिच्याकडे होतं. परबकाका हे तिचं सगळ्यात अवघड घर. गिरणीत उमेदीची वर्षं गेलेला, बांगड्याशिवाय घास न उतरणारा माणूस. पालेभाजीला ते गवत म्हणायचे. आकांक्षाने चिकाटीने त्यांना वळवलं. तीन महिन्यांत ते सकाळी दोन केळी, जेवताना टोमॅटोची कोशिंबीर, चार वाजता शहाळं घ्यायला लागले. मीटिंगमध्ये तिने त्यांचं उदाहरण दिलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर परबकाकांच्या पत्नी शेवंतीकाकू एकट्याच बसल्या होत्या. तासाभरापूर्वी सगळं संपलं होतं. आकांक्षा शेजारी बसली, तशी काकू हळूहळू सांगू लागल्या. काकांच्या किडन्या तीन वर्षांपासून अधू होत्या. केळी, टोमॅटो, शहाळं डॉक्टरांनी तेव्हाच बंद केलं होतं. त्यातला क्षार रक्तात साठला आणि हृदय थांबलं, असं आज त्यांनी सांगितलं.

"मग काका खात का होते?" आकांक्षाने कसंबसं विचारलं.

काकूंच्या आवाजात राग नव्हता. "मी अडवायची गो. तर म्हणायचे, दवाखान्याची पोरगी सांगते म्हणजे पथ्य उठलं. ती काय चौकशी केल्याशिवाय सांगेल?"

काकू नातेवाइकांना फोन लावायला उठल्या, तेव्हा आकांक्षाने फाईल उघडली आणि परबांचा फॉर्म काढला. पहिल्याच पानावर 'जुना आजार' असा रकाना होता. त्यात 'नाही' लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात. तिने पुढचा फॉर्म पाहिला. 'नाही'. त्याच्या पुढचा. 'नाही'.

तो प्रश्न तिने एकाही घरात विचारला नव्हता.