आत्याचा क्लोज-अप

"कुमुदताई, मेथी ठेवा खाली. आज तुमचा क्लोज-अप आहे," कॅमेरामन भास्कर म्हणाला. कुमुदताईंना खरंच वाटेना.

सहा वर्षं त्या या मालिकेत घरातल्या विधवा आत्याचं काम करत होत्या. कॅमेरा कायम जिन्यावर, सुनेच्या खांद्यामागे. आणि त्या खाली कोपऱ्यात भाजी निवडत, मुठीएवढ्या. वरून घेतलं की माणूस बिचारं दिसतं, खालून घेतलं की मोठं, हे भास्करनेच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. खाली बसून बसून आता गुडघे कामातून गेले होते.

आज त्यांना खुर्ची मिळाली. मेकअपवाल्याने चक्क घाम टिपला. कॅमेरा समोर, डोळ्यांच्या पातळीत आला.

"कुठे बघू? सुनेकडे?"

"नाही, सरळ कॅमेऱ्यात बघा. आणि जरा हसा."

कुमुदताईंनी भास्करकडे वळून पाहिलं. कॅमेऱ्यात बघितलं म्हणून आयुष्यभर त्यांनी दिग्दर्शकांची बोलणी खाल्ली होती. मालिकेत कॅमेऱ्यात बघायची मुभा एकालाच असते. ज्याच्या फोटोला हार घालायचा असतो, त्याला.

भास्कर उगाचच लेन्स पुसत होता.

"कधी मरतेय मी?"

"सोमवारी, ताई."

त्यांनी पदर सारखा केला आणि लेन्सकडे बघून छान हसल्या. फोटो झाल्यावर गुडघ्यावर हात टेकत कशाबशा उठल्या.

"भास्कर, फोटो चांगला उंचावर लावायला सांग. सहा वर्षं वरून बघितलंस माझ्याकडे. आता जरा मान वर करून बघ."