मागचा गिअर

"एकच गिअर पडतोय, मावशी. मागचा."

गफार मिस्त्रीनं तेलकट हात फडक्याला पुसले. काल दुपारी तो भूमहून ईट गावी आला होता, बसप्पाची मोटार बघायला. गिअरबॉक्स उघडली तर पहिल्या गिअरचे दात झडलेले. दुसरा नि तिसरा ओढणारा चिमटा मधोमध तुटलेला. लढाई चालू होती, सुटा भाग सोलापुरातही मिळत नव्हता. गफारनं सगळं होतं तसं परत बसवलं आणि सकाळी तो निघायच्या बेतात होता. तेवढ्यात कडब्याची पेंढी ओढताना बसप्पाला घोणस डसली.

आधी मुळी उगाळून लावली. मग दंडाला दोरा बांधला. दुपारपर्यंत हात मांडीएवढा सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, भूमच्या सरकारी दवाखान्यात सापाची लस असते.

"बैलगाडीनं अंधार पडंल," शेजारी म्हणाले.

रुद्रम्मा, बसप्पाची आई, गफारजवळ आली. "मागचा गिअर पडतोय न्हवं?"

"पडतोय. पण टिकत न्हाय. सुटतोय सारखा. कुणीतरी गिअरचा दांडा दाबून धरायला पायजे. मला मागं बघावं लागंल, माझ्यानं दोन्ही व्हायचं न्हाय."

"मग मागं मागं चला. रस्ता तर त्योच हाय."

चार माणसांनी मोटार ढकलून तिची पाठ भूमकडं केली. मागचं दिसावं म्हणून गफारनं टप पाडला. मागच्या बाकावर रुद्रम्मा बसली आणि बसप्पाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. दांडा धरायला कोण, म्हणून माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बसप्पाची बायको गंगम्मा दारात उभी होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. परक्या माणसासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती.

"ये," रुद्रम्मा म्हणाली. "लाज ठेव बाजूला आन् धर त्यो दांडा."

गंगम्मा पुढं गफारशेजारी बसली. त्यानं दाखवलं तसं दोन्ही हातांनी तिनं दांडा दाबून धरला. दांडा जिवंत असल्यासारखा उसळत होता. तिला वाकून सगळा भार त्याच्यावर टाकावा लागला. हात सैल पडला की आतून करकर आवाज यायचा आणि मोटार जागच्या जागी गुरगुरायची. मागं वळून बघायची तिला सोय नव्हती.

गफार कमरेत पिरगळून बसला होता. एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, तोंड मागं. रस्त्यावर नजर ठेवायची म्हणजे रुद्रम्माच्या खांद्यावरून बघावं लागे, आणि खड्डा आला की नजर खाली उतरून बसप्पाच्या तोंडावर जाई. रुद्रम्मा पदरानं त्याचे ओठ पुसत होती. पुसलं की पुन्हा लाल व्हायचे.

"आत्या, कसं हाय?" गंगम्मानं खाली मान घालूनच विचारलं.

"डोळं उघडतोय मधीमधी. तू हात सोडू नको."

बैलं बुजून बाजूला होत होती. शेतातली माणसं कामं टाकून उलट्या मोटारीकडं बघत होती. एकजण हसला. मग त्याला बाकावरचा माणूस दिसला आणि त्यानं पटका काढला. गफारनं पेट्रोलचा पाय वाढवला. याहून जोरात या गिअरला पळवता येत नव्हतं, तरी वाढवला. आतले दात ओरडत होते. आता हेही झडले तर माळावर कुणी भेटायचं नाही, हे त्याला कळत होतं.

चढ संपला तेव्हा एका मोठ्या खड्ड्याला त्याची नजर खाली गेली. बसप्पाचे डोळे अर्धे उघडे होते. त्यावर माशी बसली होती आणि पापणी हलत नव्हती.

रुद्रम्माचा पुसणारा हात थांबला. तिनं माशी उडवली, बोटांनी पापण्या मिटल्या. मग सरळ गफारकडं बघितलं.

"आत्या?"

"हाय, हाय. डोळा लागलाय त्याचा."

गफारनं नजर रस्त्यावर नेली. त्याला वाटलं, म्हातारीचं मन मानायला तयार नाही.

ओढ्याशी इंजिनातून वाफ उसळली. उलटं चालल्यानं पुढच्या जाळीला वारा लागत नव्हता. मोटार थांबली तशी गंगम्मा गर्रकन वळली. रुद्रम्मानं तोवर बसप्पाच्या तोंडावर पदर ओढला होता.

"उन्हानं त्रास व्हतोय त्याला. झोपू दे. तू पळ, डबा भरून आण."

गंगम्मा डबा घेऊन उतारावरून पळत गेली. तिचे तळहात सोलले होते.

गफार मागच्या दाराशी आला. "मावशी..."

"म्हायत हाय मला."

"मग आता गावाकडं नेऊ? दवाखान्यात काय करायचं हाय?"

"न्हाय. भूमलाच चला."

"पर कशासाठी, मावशी?"

रुद्रम्मानं ओढ्याकडं बघितलं. गंगम्मा भरलेला डबा छातीशी धरून चढण चढत होती. घाईनं पाणी हिंदकळत होतं आणि लुगडं भिजत होतं.

"भूम येईस्तवर तरी सवाशीण राहू द्या तिला."

गंगम्मा आली. गफारनं पाणी ओतलं, झाकण लावलं. ती आपणहून जागेवर बसली, वाकली आणि दांडा दाबून धरला.

"चला, गफारभाई. लवकर घ्या."

पुढं रस्ता सपाट होता. गफारनं मोटार चालवता येईल तितकी सावकाश चालवली.