टाकलेली पानं

"हा कॅश गेम बास झाला आता," गोरक्ष म्हणाला. "पुढच्या महिन्यात गोव्याला जातो. टूर्नामेंट खेळायला."

पत्ते पिसता पिसता सोमनाथचे हात थांबले. यज्ञेश्वर गुरुजींनी ओठांपर्यंत नेलेला कप तसाच खाली ठेवला.

नाशिक रोडला सोमनाथच्या घरी दर रविवारी दुपारी पोकर चालायचा. भिडू तिघंच. सोमनाथचं खाली हार्डवेअरचं दुकान, गुरुजी रामकुंडावर विधी सांगणारे आणि गोरक्षचं पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं वर्कशॉप. पैशांच्या चिप्सच्या जागी सोमनाथच्या बायकोच्या, पूजाच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. खरं सांगायचं तर पत्त्यांचं वेड तिघांतल्या एकालाही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गोरक्ष शिडीवरून पडला. उजवा हात कामातून गेला आणि वर्कशॉपला कुलूप लागलं. मित्रांनी पैशांचं पाकीट नेऊन दिलं, तर त्याने ते पेढ्यांच्या पुड्यासकट परत पाठवलं. हाच गोरक्ष करोनात गुरुजींसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत पार कळवणपर्यंत फिरला होता आणि डिझेलचेही पैसे घेतले नव्हते. द्यायला पुढे, घ्यायची वेळ आली की मान ताठ. मग सोमनाथने पत्त्यांची शक्कल काढली. फुकट नको ना, तर जिंकून घे.

टाकलेली पानं कुणी उलटून बघायची नाहीत, हा नियमही सोमनाथचाच. सोयीचा नियम होता. तो हातातले राजे बिनदिक्कत टाकून द्यायचा आणि गुरुजी हातात काही नसताना बटणं लावत सुटायचे. गोरक्ष जिंकायचा. त्याच्या मुलीची, वेदिकाची नर्सिंगची फी अशीच भरली गेली. या हाताचं त्या हाताला कळलं नाही. आपल्याला उपकाराची थोडी तरी फेड करता आली, म्हणून दोघंही मनापासून देवाचे आभार मानत.

आता वेदिका नोकरीला लागली होती. दोन कारागीर ठेवून वर्कशॉपही पुन्हा उघडलं होतं. घडी बसते न बसते तोच गोरक्षच्या डोक्यात गोवा शिरला. हरभऱ्याच्या झाडावर त्याला यांनीच चढवलं होतं, मग बोलणार कुणाला?

सोमनाथने समजावून पाहिलं. कॅश गेममध्ये नाही जमलं तर माणूस उठून घरी जातो. टूर्नामेंटला मोठी फी भरायची आणि चिप्स संपेपर्यंत उठायचं नाव नाही.

"तेच तर पाहिजे मला," गोरक्ष म्हणाला. "इथं गरजेपुरतं झालं की मी उठतो. असं उठणं लय झालं."

गोव्यात तुझ्यासाठी कुणी हरणार नाही, हे त्याला सांगायचं कसं? सांगितलं तर दोन वर्षांच्या जिंकण्याची भीक होणार आणि तो पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. नाही सांगितलं तर सगळी शिल्लक एका बैठकीत बुडणार.

वाट गोरक्षनेच काढून दिली. "जायच्या आधी एकदा खरा सराव द्या. गोव्याला न्यायचे ते सगळे पैसे आज इथं लावतो. तुमच्याकडून हरलो, तर गोवा रद्द."

पाणी आणायच्या निमित्ताने सोमनाथ आत गेला आणि त्याच्या मागोमाग गुरुजी. दोघांचं लगेच ठरलं. आज सगळं जिंकून घ्यायचं आणि पुढच्या रविवारपासून थोडं थोडं हरून परत करायचं.

"जिंकायचं पाप आजच्यापुरतं," गुरुजी म्हणाले.

सोमनाथने दुकानाच्या गल्ल्यातून पैसे आणले आणि खेळ सुरू झाला. गोरक्ष नेहमीसारखा डाव्या हाताने खेळत होता. पानं भिरकावणं त्याला जमत नसे, म्हणून टाकायची पानं तो चहाच्या बशीखाली सरकवायचा. पत्त्यांना डाग पडतात म्हणून पूजा कुरकुरायची. आज तर त्याचं एकही पान लागत नव्हतं. भलत्याच वेळी बटणं लावायचा, भलत्याच वेळी घाबरायचा. दोन वर्षं खेळून याला काहीच कसं आलं नाही, असं सोमनाथला वाटलं. दुसरा चहा येईतो त्याची निम्मी बटणं इकडे आली होती.

शेवटचा डाव पडला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं आणि मध्ये पाच उघडी. उघड्यांत दोन एक्के आणि एक गुलाम होता. सोमनाथच्या हातात दोन गुलाम. इतकी चांगली पानं त्याने या टेबलावर कधी खेळलीच नव्हती, टाकूनच दिली होती. गुरुजी पानं टाकून डावातून बाहेर पडले. सोमनाथ बटणं वाढवत गेला आणि गोरक्ष त्याच्यामागे येत राहिला. शेवटी गोरक्षपुढे मूठभर बटणं उरली. सोमनाथने आणखी लावली.

गोरक्ष बराच वेळ आपल्या पानांकडे बघत बसला. मग त्याने ती बशीखाली सरकवली.

"नाय जमत," तो म्हणाला. उरलेली बटणं त्याने पूजाच्या डब्यात टाकली. ती तिच्या चहाची. गोवा रद्द. आणि पत्तेही आजपासून बंद, वणीच्या देवीला तसा शब्द देऊन आलोय, असं त्याने सांगितलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. देवीला दिलेला शब्द मोड, असं ते कोणत्या तोंडाने सांगणार?

दारात गोरक्षने न वळणारा उजवा हात डाव्यात धरून दोघांना नमस्कार केला. "तुमच्या रविवारांनी मला उभं केलं," तो म्हणाला. "विसरायचो नाय."

जिना उतरल्याचा आवाज थांबला तरी दोघं बटणांच्या ढिगाकडे बघत बसले होते. मित्र वाचला होता, याचं समाधान होतं. पण आता हे परत कसं करायचं, सोमनाथने विचारलं.

पूजा कपबशा उचलायला आली. तिला पोकर येत नव्हता आणि टेबलाचे नियम तिला लागू नव्हते. गोरक्षची बशी उचलून तिने खालची दोन पानं पदराने पुसली, उलटून पाहिली आणि मधल्या उघड्या पानांशेजारी ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "चारही एक्के आले, की पानं टाकून द्यायची असतात का?"